अस्त्रखान कॉलरवाल्यांना उत्तर

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ मध्ये झालेल्या खुनांवर लिहिणाऱ्यांचा एक युक्तिवाद फार लाडका आहे. व्हिक्टोरियन इंग्लंडात म्हणे माणसाचा दर्जा त्याच्या अंगावरच दिसे. कारकून कारकुनासारखा दिसे, खलाशी खलाशासारखा आणि बडा माणूस बड्या माणसासारखा. कपडे वाचण्यात त्या काळच्या लोकांची नजर तयार होती, आपली तशी नाही. म्हणून साक्षीदारांनी सांगितलेली टोपी, कोट आणि गळ्यातला रुमाल नीट वाचला की खुनी कोणत्या थरातला होता हे उमगतं, आणि थर उमगला की संशयितांची यादी आपोआप आखूड होते. या रस्त्याने निघालेला एक जण डॉक्टरच्या दवाखान्यात पोचतो, दुसरा गोदीतल्या जहाजावर, तिसरा थेट राजवाड्यात. कागदपत्रं तीच, पद्धत तीच, मुक्काम मात्र तीन. तरी पद्धतीबद्दल कुणाला शंका येत नाही.

मला येते. या साक्षींतल्या कपड्यांवरून खुन्याचा वर्ग किंवा व्यवसाय सांगता येत नाही, असं माझं म्हणणं आहे. साक्षीदार कुठे उभा होता, उजेड किती होता, त्याला काय विचारलं गेलं आणि त्याने नंतर त्यात किती भर घातली, हे त्या कपड्यांवरून कळू शकतं. हेही कमी नाही. पण संशयितांची यादी आखूड करायला त्याचा उपयोग नाही.

आधी मूळ गृहीतकच तपासू. कपडा म्हणजे वर्ग, हे मेफेअरच्या दिवाणखान्यात खरं असेल. व्हाइटचॅपलमध्ये काय होतं ते बघायला दूर जायला नको. मारल्या गेलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे पोलिसांनी एकेक करून लिहून ठेवले आहेत. ३० सप्टेंबरच्या पहाटे मायटर स्क्वेअरमध्ये मारली गेलेली कॅथरीन एडोज घ्या. तिच्या काळ्या जाकिटाच्या कॉलरला आणि बाह्यांना नकली फर होती. घागऱ्यावर फुलांची नक्षी होती. आत पुरुषाचा पांढरा वेस्टकोट होता आणि पायात पुरुषाचे नाडीचे बूट. जवळ गहाणवटीच्या दोन पावत्या सापडल्या. एक होती तिच्यासोबत राहणाऱ्या जॉन केलीच्या बुटांची, अडीच शिलिंगांना गहाण टाकलेल्या, आणि तीही खोट्या नावाने. दुसरी होती पुरुषाच्या फ्लॅनेलच्या शर्टाची, नऊ पेन्सची. ही पावती भलत्याच बाईच्या नावावर होती. केंटमध्ये हॉप्स तोडायच्या कामाला गेले असताना त्या बाईने शर्ट केलीच्या अंगाला बसेल म्हणून पावतीच देऊन टाकली होती. आता वर्ग वाचणाऱ्यांनी सांगावं, त्या शर्टावरून नेमका कोणाचा वर्ग वाचायचा? ज्याने शिवला त्याचा, ज्याने गहाण टाकला त्याचा, की ज्याच्या अंगावर तो कधी आलाच नाही त्याचा?

एक महिना आधी मारली गेलेली मेरी ॲन निकल्स वँड्सवर्थच्या एका घरात कामाला होती. जुलैमध्ये ती तिथून पळाली तेव्हा मालकिणीकडचे साडेतीन पौंडांचे कपडे घेऊन पळाली. म्हणजे काही काळ तरी एका सभ्य, देवभीरू घराचे कपडे गरिबांच्या वस्तीतून फिरत होते. तिच्या परकरावर लॅम्बेथ वर्कहाउसचा शिक्का होता, आणि डोक्यावर नवीकोरी काळी स्ट्रॉ बॉनेट. खून होण्याच्या काही तास आधी, रात्रीच्या निवाऱ्याचे पैसे नाहीत म्हणून तिला बाहेर काढलं, तेव्हा पैसे आता मिळवून आणते, बघा माझी बॉनेट किती झकास आहे, अशा अर्थाचं ती बोलून गेली. कुणी दुरून पाहिलं असतं तर बॉनेट दिसली असती, परकरावरचा शिक्का नाही.

नोव्हेंबरमध्ये मारल्या गेलेल्या मेरी केलीच्या खोलीत तर पुरुषाचा काळा ओव्हरकोट होता. खुनाच्या खोलीत पुरुषाचा कोट! कादंबरीकाराला याहून काय हवं? पण चौकशीत मारिया हार्वे या बाईने सांगितलं की तो आपण ठेवलेल्या कपड्यांपैकी होता. दोन पुरुषी शर्ट, एका पोराचा शर्ट, लहान मुलीचा परकर, एक बॉनेट आणि एका शालीची गहाणवटीची पावती, असं आणखी सामानही तिने तिथेच ठेवलं होतं.

ही एकट्यादुकट्याची गंमत नव्हती, हा त्या भागाचा धंदाच होता. हाउंड्सडिचला जुन्या कपड्यांची मोठी बाजारपेठ होती, पेटिकोट लेनमध्ये रविवारी तुडुंब गर्दी लोटत असे. सोमवारी गहाण टाकलेला ठेवणीतला कोट शनिवारी पगार झाला की सोडवायचा आणि परत सोमवारी टाकायचा, हे कित्येक घरांचं साप्ताहिक वेळापत्रक होतं. हेन्री मेह्यूने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या रस्त्यावरच्या धंद्यांचं जे वर्णन लिहिलं, त्यात चिनी मातीची आणि काचेची भांडी देऊन जुने कपडे गोळा करणारे फेरीवाले आहेत. आपल्याकडच्या बोहारणीला जसं दादरच्या वाड्यातला कोट आणि चाळीतलं धोतर एकाच गाठोड्यात बांधताना काही वाटत नाही, तसंच त्यांचं होतं. त्यात भर म्हणजे वेस्ट एंडच्या दुकानांत विकले जाणारे कितीतरी कोट शिवले जात ते ईस्ट एंडच्याच कोंदट खोल्यांमध्ये. या घाम गाळून घेणाऱ्या पद्धतीची चौकशी करण्यासाठी हाउस ऑफ लॉर्ड्सने समिती नेमली ती याच १८८८ साली. चांगला कापलेला कोट व्हाइटचॅपलमध्ये दिसणं हे नवल नव्हतं. तो तिथेच जन्मत होता आणि फाटायच्या आधी एकदा तिथेच परत येत होता.

यावर उत्तर येतं की ठीक आहे, कपडे फिरत असतील, पण साक्षीदाराने नुसते कपडे नाही सांगितले, माणूस 'सभ्य' होता, 'कारकुनासारखा' होता असंही सांगितलं. ती तयार नजर तुम्ही कशी नाकारता? मग ती नजर चौकशीत कशी कामाला लागली ते पाहू. एलिझाबेथ स्ट्राइड एडोजच्याच रात्री बर्नर स्ट्रीटला मारली गेली. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या विल्यम मार्शल नावाच्या मजुराने तिला पावणेबाराच्या सुमारास एका पुरुषाबरोबर पाहिलं होतं. मृत्यूची चौकशी चालवणारे कॉरोनर होते विन बॅक्स्टर. (मुंबईकरांना कॉरोनर हा शब्द परका नाही, त्यांचं कॉरोनर कोर्ट १९९९ पर्यंत चालू होतं.) मार्शलने सांगितलं, गोल टोपी, पुढे लहानसा पीक, खलाशी घालतात तशी काहीशी. बॅक्स्टरनी विचारलं, माणूस कोणत्या वर्गातला वाटला? मार्शल म्हणाला, काही धंदा करणारा असावा, अंगमेहनत करणारा नव्हे. गोदीतल्या मजुरासारखा नव्हता? नाही. खलाशासारखा? नाही. खाटकासारखा? नाही. मग कारकुनासारखा? मार्शल म्हणाला, हो, जास्त करून कारकुनासारखा.

ही प्रश्नोत्तरं वर्तमानपत्रांत छापून आली आणि आजही वाचायला मिळतात. त्यातला 'कारकून' हा शब्द साक्षीदाराचा नाही, कॉरोनरचा आहे. चार पर्याय समोर ठेवले, तीन नाकारले, उरला तो कारकून. पाचवा पर्याय विचारलाच नाही, शिंपी, न्हावी, दारूच्या गुत्त्यावरचा पोऱ्या असं काही. आणि हे सांगणाऱ्या मार्शलला त्या माणसाचा चेहरा नीट दिसलाही नव्हता, जवळ दिवा नव्हता. तरीही शंभरहून अधिक वर्षं 'मार्शलचा कारकून' पुस्तकांत वावरतो आहे, जणू त्याच्या कानामागे कलम खोवलेलं मार्शलने पाहिलं होतं.

ॲनी चॅपमनच्या खुनाच्या चौकशीतही असंच घडलं. हॅनबरी स्ट्रीटवर एलिझाबेथ लाँगने ८ सप्टेंबरला पहाटे साडेपाचच्या सुमारास चॅपमनला एका पुरुषाशी बोलताना पाहिलं. पुरुष पाठमोरा होता. तपकिरी डीअरस्टॉकर टोपी, गडद कोट असावा पण खात्री नाही, चाळिशीच्या पुढचा, परदेशी वाटला. तो कामकरी होता की आणखी कोण, असा प्रश्न आलाच. त्या सगळ्यातून आलेला शब्दप्रयोग होता 'शॅबी जेंटील', म्हणजे कपडे बऱ्या घरचे पण झिजलेले. त्यावर एका पंथाने उतरणीला लागलेल्या सद्गृहस्थाचा अख्खा जन्म रचला आहे. पण जुन्या बाजारात घेतलेल्या कोटाचं याहून नेमकं वर्णन करता येणार नाही. बऱ्या घरी शिवला आणि झिजला, एवढं कोटाबद्दल खरं. आतल्या माणसाबद्दल त्यातून काय निघतं?

लाँगबाईंचं एक मात्र मला मनापासून आवडतं. पुरुषाच्या वर्णनासाठी नेहमी उद्धृत केल्या जाणाऱ्या साक्षीदारांमध्ये दिवसाच्या उजेडात पाहणारी ती एकटी. सूर्य नुकताच उगवून गेला होता. आणि कोटाचा रंग नक्की सांगता येत नाही हे साधेपणाने कबूल करणारीही तीच. मध्यरात्री गॅसच्या दिव्याखाली पाहणाऱ्यांना मात्र सगळे रंग दिसले.

त्या डीअरस्टॉकरचंही एकदा बघून टाकू, कारण तिने बऱ्याच जणांना भुलवलं आहे. आज ते नाव काढलं की दोन पीकांची, कानांवर पट्ट्या असलेली शेरलॉक होम्सची टोपी डोळ्यासमोर येते. आणि ती शिकारीवर जाणाऱ्या जमीनदाराची असते, म्हणून खुनी बड्या घरचा. पण होम्सच्या डोक्यावर ती टोपी सिडनी पॅजेटने चढवली १८९१ मध्ये, स्ट्रँड मासिकातल्या चित्रांत. १८८८ साली रस्त्यावरच्या बोलण्यात हे नाव कसल्या टोपीला लागत होतं, ते आपल्याला एका पोलिसाने सांगून ठेवलं आहे. स्ट्राइडला साडेबाराच्या सुमारास एका पुरुषाबरोबर पाहणारा कॉन्स्टेबल विल्यम स्मिथ. चौकशीत त्याने गडद फेल्टची डीअरस्टॉकर सांगितली. पोलिसी अहवालात त्याच माणसाच्या डोक्यावर 'कडक फेल्ट हॅट' आहे. एकच पोलीस, एकच रात्र, एकच डोकं. कडक फेल्टची टोपी कानावर पट्ट्या पाडून शिकारीला नेत नाहीत. जमीनदार तिथेच गळाला.

उजेडाबद्दल थोडं. त्या काळी गल्लीतल्या गॅसच्या दिव्यांत उघडी ज्योत असे. आउअरच्या जाळीचा पांढरा लख्ख दिवा रस्त्यांवर पसरला तो पुढे. त्या पिवळ्या, मिणमिणत्या उजेडापासून दहा पावलं दूर गेलं की काळा, निळा, तपकिरी, गर्द हिरवा सगळे 'गडद' होतात. साक्षींमध्ये गडद कोट, गडद विजार, गडद जाकीट यांची जी रास दिसते, ती खुन्याच्या आवडीनिवडीची नोंद नव्हे, लंडन शहराच्या दिवाबत्तीची आहे. अंधुक उजेडात तांबडा रंग सगळ्यांत आधी काळवंडतो, हे पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्येच मांडलं होतं. आणि पुढे येणाऱ्या हचिन्सन आणि लॉवेंडे या दोन महत्त्वाच्या साक्षीदारांनी नेमका लाल रुमालच सांगितला आहे. दोघेही दिव्याच्या अगदी जवळ असतील तर हरकत नाही. पण वर्ग वाचणाऱ्यांना हा प्रश्न पडल्याचं मला कुठे आढळलं नाही.

आता येऊ या जॉर्ज हचिन्सनकडे, कारण त्याच्याशिवाय हा पंथ एक दिवस चालणार नाही. मेरी केलीचा खून ९ नोव्हेंबरला झाला. हचिन्सन पोलीस ठाण्यात आला १२ नोव्हेंबरला संध्याकाळी सहा वाजता, मृत्यूची चौकशी आटोपल्यावर. त्याने सांगितलं, रात्री दोनच्या सुमारास केली एका पुरुषाला भेटली. मी क्वीन्स हेड गुत्त्याच्या दिव्याजवळ उभा होतो, ते माझ्याजवळून गेले, मी वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग जी यादी आली ती अशी: लांब गडद कोट, कॉलरला आणि बाह्यांना अस्त्रखान फर, आत गडद जाकीट, फिकट वेस्टकोट, गडद विजार, मध्ये दाबलेली गडद फेल्ट हॅट, बटणांचे बूट, पांढऱ्या बटणांचे गेटर, जाडजूड सोन्याची साखळी, पांढरी लिननची कॉलर, काळा टाय आणि त्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराची पिन. वर चेहरा 'ज्यू दिसणारा'. पुढे दोन दिवसांनी वर्तमानपत्रांना सांगताना साखळीला लाल खड्याची मोहोर लटकली आणि हातात किडच्या चामड्याचे मोजे आले. पोलिसांना सांगितलेला फिकट रंगाचा चेहरा तेवढ्यात काळसरही झाला.

याला नाकारणारेही बरेच आहेत, पण त्यातले कित्येक त्याच खड्ड्यात पडतात. ते म्हणतात, असा श्रीमंत माणूस रात्री दोन वाजता डॉर्सेट स्ट्रीटवर सोन्याची साखळी मिरवत फिरेल का, लुटला नाही जाणार? म्हणजे यांनीही कपड्यावरून श्रीमंती वाचलीच. तिथे नकली अस्त्रखान विकत मिळत होती, पितळेवर सोन्याचं पाणीही चढत होतं, आणि रुबाब दाखवायची हौस गरीब वस्तीत मुळीच कमी नसते. त्या वेशाचा माणूस तिथे असणं अशक्य नव्हतं. माझा आक्षेप वेगळा आहे. दोन माणसं जवळून चालत गेली त्यात लांब कोटाखालचं जाकीट, त्याखालच्या वेस्टकोटाचा रंग, टायवरच्या पिनेचा आकार आणि पायाशी गेटरच्या बटणांचा रंग, हे सगळं एकाने टिपावं, तेही चेहरा पाहायला वाकलेल्या माणसाने. चेहऱ्याकडे बघणाऱ्याला गेटरची बटणं दिसत नाहीत. हे वर्णन डोळ्याने पाहिलेल्या माणसाचं नाही, शिंप्याच्या कॅटलॉगचं आहे, डोक्यापासून पायापर्यंत, एकही जागा मोकळी न सोडता. खरी साक्ष भोकाभोकांची असते. लाँगबाईंची आहे तशी.

इन्स्पेक्टर ॲबरलाइनला हचिन्सन खरा वाटला, असं माझ्या तोंडावर फेकलं जाईल. वाटला होता. त्याने त्याच रात्री अहवालात तसं लिहिलं आणि दोन पोलीस त्याच्याबरोबर वस्तीत फिरवलेही. पण ॲबरलाइनने तो वेश खऱ्या माणसाचा मानला म्हणून आपण त्या वेशावरून वर्ग काढायचा, हा उडीचा भाग ॲबरलाइनच्या माथी मारता येत नाही. शिवाय सप्टेंबरभर 'परदेशी' आणि 'ज्यू' हे शब्द त्या वस्तीत किती तापलेले होते, हे ध्यानात घ्या. अस्त्रखान, जाड साखळी, नालेची पिन, ही विनोदी मासिकांच्या चित्रांतल्या पैसेवाल्या ज्यूची ठरलेली सोंगवस्त्रं होती. यादी इतक्या ठरीव साच्यातली असताना ती निरीक्षणातून आली की साच्यातून, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

आणि तपशील म्हणजे सत्य असं ज्यांना वाटतं, त्यांनी कॅरोलिन मॅक्सवेलचं काय करायचं ते सांगावं. तिने शपथेवर सांगितलं की ९ नोव्हेंबरला सकाळी साडेआठच्या आसपास आपण मेरी केलीशी बोललो आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. मखमली चोळी, गडद घागरा, तपकिरी-तांबडी शाल. तपशील पक्का, साक्षीदार ठाम, कॉरोनरने बजावूनही हलली नाही. डॉक्टरांच्या मते तोवर केली कित्येक तास मरून पडली होती. तपशिलाने सत्य ठरत असेल तर मॅक्सवेलबाईंना मानावं लागेल, आणि मग अस्त्रखानवाला निर्दोष सुटेल. यातलं एक काहीतरी निवडा.

आता त्या पंथाचा सगळ्यांत भक्कम पुरावा, आणि तो भक्कम आहे हे मी मान्य करतो. मार्शलने पीकची टोपी पाहिली. इस्रायल श्वार्त्झने पावणेएकला स्ट्राइडला धक्काबुक्की करणाऱ्याच्या डोक्यावर काळी पीकची टोपी पाहिली. आणि मायटर स्क्वेअरजवळ, पाऊस थांबायची वाट बघून इम्पीरियल क्लबातून बाहेर पडलेल्या जोसेफ लॉवेंडेने एक पस्तीसला एडोजसोबतच्या माणसाच्या डोक्यावर करड्या कापडाची पीकची टोपी पाहिली. एका रात्रीत तीन साक्षीदार, दोन ठिकाणं, एक टोपी. मग लॉवेंडेच्या वर्णनातल्या सैल जाकिटाची आणि लालसर रुमालाची भर घालून 'खलाशी' सिद्ध.

पण मधल्या स्मिथचं काय करता? मार्शल आणि श्वार्त्झ यांच्या मधोमध, साडेबाराच्या सुमारास त्याने त्याच बाईला पाहिलं; कोटावरचं फूलही त्याच्या लक्षात होतं. त्याच्या माणसाच्या डोक्यावर कडक फेल्ट. टोपी धरून ठेवायची तर त्या रात्रीच्या एकुलत्या एका पोलीस साक्षीदाराला सोडून द्यावं लागतं. यावर 'त्याने टोपी बदलली असेल' असं उत्तर मी छापलेलं वाचलं आहे. जो सिद्धान्त टोपी जुळली तरी जिंकतो आणि नाही जुळली तरी जिंकतो, त्याला पुरावा कशाला लागतो? शिवाय मार्शलला टोपी खलाशाची वाटली पण माणूस खलाशी वाटला नाही. लॉवेंडेच्या वर्णनात तसल्याच टोपीने माणूस खलाशी झाला. कापडी पीकची टोपी ही गोदीलगतच्या त्या वस्तीतली अगदी साधी, रोजची टोपी होती, आणि गळ्यात रंगीत रुमाल बांधायची हौस हातगाडीवाल्या भाजीविक्यांनाही होती. मेह्यूने त्याबद्दल आधीच लिहिलं आहे. श्वार्त्झ हंगेरीचा, त्याची साक्ष दुभाष्यातून आली. पोलिसांना दिलेल्या साक्षीत रस्त्यावर उभा असलेला आणखी एक माणूस पाइप पेटवत होता. स्टार या वर्तमानपत्रात त्याच माणसाच्या हातात सुरी आली. पाइपची सुरी होत असेल तर टोपीचा पीक कितपत टिकेल?

हे सगळं मला आज सुचलं असा माझा दावा नाही. तपासाची सगळी कागदपत्रं ज्याच्या हाताखालून जात होती त्या चीफ इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सनने १९ ऑक्टोबर १८८८ ला गृहखात्यासाठी लिहिलेल्या अहवालात हेच म्हटलं आहे. स्मिथ आणि श्वार्त्झ यांच्या वर्णनांत पोशाखाचा इतका फरक आहे की ते एकाच माणसाबद्दल बोलत आहेत की नाही याचीच शंका येते, असं तो सांगतो. आणि लॉवेंडेबद्दल तर तो आणखी पुढे जातो. लॉवेंडेने त्या बाईला ओळखलं ते चेहऱ्यावरून नव्हे, तिच्या कपड्यांवरून; त्यामुळे त्याने केलेल्या पुरुषाच्या वर्णनाचं मोल फार कमी होतं, असं स्वॉन्सनचं मत. काळं जाकीट आणि काळी बॉनेट. त्या वस्तीत त्या रात्री अशा किती असतील? म्हणजे ज्या साक्षीवर 'खलाशी' उभा आहे, तिचा पायाच कपड्यांवरून केलेली ओळख आहे, आणि तपास अधिकाऱ्याला तेव्हाच तो कच्चा वाटला होता. व्हिक्टोरियन नजर तयार होती असं म्हणणाऱ्यांनी या व्हिक्टोरियन पोलिसाची नजर मात्र बाजूला ठेवली.

गणवेशाची गोष्ट तर आणखी बोलकी. ज्याचा वर्ग कपड्यावरून ओळखावा असा हुकूमच असतो, तो म्हणजे सैनिक. ऑगस्टमध्ये मार्था टॅबरमच्या खुनानंतर कॉन्स्टेबल बॅरेटने एका ग्रेनेडियर सैनिकाला घटनास्थळाजवळ पाहिल्याचं सांगितलं. टॉवर ऑफ लंडनमध्ये सैनिक रांगेत उभे केले. बॅरेटने एकाला निवडलं, मग त्याच्या छातीवर पदकं आहेत आणि आपण पाहिलेल्याला नव्हती असं म्हणून दुसऱ्याला निवडलं. टॅबरमची मैत्रीण पर्ली पोल म्हणाली, आमच्या सोबतच्यांच्या टोप्यांना पांढरा पट्टा होता. मग तिला कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या बरॅकमध्ये नेलं, तिने दोघांना निवडलं, आणि दोघेही त्या रात्री दुसरीकडे होते हे सिद्ध झालं. पट्टे, पदकं, पलटण, सगळं ठरलेलं असताना ही गत.

चामड्याच्या ॲप्रनची कथा सर्वांना ठाऊक आहे, तिच्यावर फार थांबत नाही. चॅपमनचा खून झालेल्या हॅनबरी स्ट्रीटच्या अंगणात नळाजवळ एक चामड्याचा ॲप्रन सापडला; तो त्याच घरातल्या बाईच्या मुलाचा निघाला, आईने धुऊन ठेवलेला. तोवर 'लेदर ॲप्रन' या टोपणनावाने जॉन पायझर या चांभारकाम करणाऱ्याची शहरभर शोधाशोध झाली, त्याला पकडलं, आणि त्याने आपण दुसरीकडे होतो हे दाखवल्यावर सोडलं. बर्नर स्ट्रीटवरून चमकती काळी बॅग घेऊन गेलेला माणूसही असाच. तो स्वतः ठाण्यात आला, बॅगेत सिगारेटची रिकामी खोकी होती. डॉक्टरची काळी बॅग मात्र अजून रस्त्याने फिरतेच आहे. टॉप हॅट आणि झुलता कोट? इथे नावं घेतलेल्या साक्षीदारांपैकी एकानेही टॉप हॅट पाहिलेली नाही. ती मारी बेलॉक लाउंड्झच्या १९१३ मधल्या 'द लॉजर' या कादंबरीतल्या भाडेकरूच्या डोक्यावर आहे.

मग कपडे पुराव्यातून काढूनच टाकायचे का, असं विचाराल. तसं कोण म्हणतंय? एडोजच्या ॲप्रनचा तुकडा पहाटे दोन पंचावन्नला गॉलस्टन स्ट्रीटवर सापडला. शवाजवळचा ॲप्रन आणि तो तुकडा जुळवले तर ठिगळाची शिवण एका बाजूची दुसरीला बरोबर लागली. खुनी मायटर स्क्वेअरमधून कोणत्या दिशेने गेला हे आपल्याला त्यातून कळतं, आणि या अख्ख्या प्रकरणात इतकी पक्की दुसरी गोष्ट शोधून सापडत नाही. कारण ते कापड हातात होतं.

१८६४ मधलं फ्रान्झ म्यूलरचं प्रकरण याच जातीचं. रेल्वेच्या डब्यात थॉमस ब्रिग्ज या बँकेतल्या वृद्धाचा खून झाला आणि डब्यात राहिली ती त्याची नव्हे, दुसऱ्या कुणाची तरी टोपी. तिच्या आत क्रॉफर्ड स्ट्रीटवरच्या टोपीवाल्याचं नाव होतं. म्यूलर शिडाच्या जहाजाने अमेरिकेला निघून गेला, इन्स्पेक्टर टॅनर वेगवान आगबोटीने आधी पोचला, आणि म्यूलरच्या सामानात ब्रिग्जची टोपी मिळाली, खालून इंच-दीड इंच कापून पुन्हा शिवलेली. बचावपक्षाने जुन्या टोप्या कापून विकण्याचा सर्रास चालणारा धंदा पुढे केला, म्हणजे मी वर केला तोच युक्तिवाद. पण तिथे कोर्टाला टोपीवाल्यांना बोलावून टोपी त्यांच्या हातात देता आली. टोपीवाला असं काम शिवून करत नाही, चिकटवून करतो. ही शिवण शिंप्याच्या हातची आहे. म्यूलर शिंपी होता. आणि कापलेली जागा बरोबर तीच होती जिथे मालकाचं नाव असायचं.

लॉवेंडेच्या करड्या टोपीला असा एकही प्रश्न विचारता येत नाही. ती उलटी करून आतलं नाव वाचता येत नाही, तिची शिवण कुणाला दाखवता येत नाही, ती त्या रात्री कुणाच्या मालकीची होती हेही विचारता येत नाही. तिच्याबद्दल आपल्याकडे आहे ते एका माणसाने पावसाळी रात्री चालता चालता टाकलेल्या नजरेचं पोलिसांनी उतरवून घेतलेलं वाक्य, आणि तो माणूस पुन्हा दिसला तर ओळखता येईल का याबद्दल लॉवेंडेला स्वतःलाच शंका होती.